घट्ट ब्लाउज आणि दुसरी भाकर

मैत्रिणींनो, आज भाचीचा साखरपुडा होता आणि सकाळी नवा ब्लाउज दंडावर चढेना.

चूक माझीच. आर्णीतल्या आमच्या शिलाईवाल्या मावशींना मी दरवेळी सांगते, "घट्टच शिवा, तोवर मी बारीक होते." त्यासाठी महिनाभर रात्री नुसती काकडी खाल्ली. परवा पाहिलं, तर माझी दहा वर्षांची लेकही भाकर बाजूला सारून काकडीच खात होती.

ब्लाउज घेऊन मावशींकडे पळाले. त्यांनी शांतपणे एक शिवण उसवली. आत दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुह्या मायचे ब्लाउजही मीच शिवत होती. दंड तिचेच आले तुले."

आईचे दंड! दिवसभर मी ते मिरवले.

संध्याकाळी सगळ्यांच्या ताटात सारखंच वाढलं: ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची भाजी आणि काकडी. लेकीने माझा दंड दाबून विचारलं, "माझेही असेच होतील?"

"होऊ शकतात. आजीचे आहेत."

तिने दुसरी भाकर मागितली.

'बारीक झाल्यावर घालू' म्हणून तुम्ही कपाटात काय ठेवलंय? उद्या शिवण उसवून बघा.