बोरगावातला ठोसा

'ठोसा' हा शब्द आपण फार सैल वापरतो. जाऊन आदळते आणि तत्क्षणी माघारी येते, ती मूठ म्हणजे ठोसा. आदळून तिथेच रेंगाळली, तर ते निव्वळ ढकलणे. बोरगाव मेघेच्या आमच्या बॉक्सिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये एवढा एक भेद शिकताना किती किस्से साचले म्हणून सांगू!

पहिला माझाच. मी निवृत्त संस्कृत शिक्षक. प्रकृतीसाठी म्हणून गेलो. टांगलेल्या बॅगेवर आवेशाने मूठ हाणली. मनगट वाकले, डोळ्यांपुढे काजवे चमकले! आमचे प्रशिक्षक मडावी सर शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मनगट सरळ ठेवा. बॅग नाई फुटत, हात मोडन!"

गणपतराव म्हशी पाळतात. धार काढण्याच्या सवयीने त्यांचा अंगठा मुठीत दुमडलेलाच राही.

सर ओरडले, "भाऊ, अंगठा बाहेर! म्हशीले चालते, थे वापस मारत नाई."

"काऊन नाई मारत?" गणपतरावांनी ओठ वर केला. "हा दात कसा पडला मंग?"

खरा घोर होता सरांच्या शिष्येचा, वैशालीचा. वयोमर्यादेमुळे जिल्हा निवड चाचणीची ही तिची अखेरची संधी. आणि तिच्या ठोशाने बॅग नुसती झोके घेई. सर वैतागले, "बोऱ्यात कापूस दाबून राह्यली का तू?"

"घरी थेच करतो ना सर, लहानपणापासून!"

दारात तिची आई बसली होती. तिला राहवले नाही. "अवं वैशू, दाबू नोको, वेच! वेचतानी हात बोंडावरच ठेवतं का? गेला का आला पाह्यजे ना!"

वैशालीने पाय रोवले. मग मूठ सुटली. थप्! बॅग झुलली नाही; जागच्या जागी थरथरली.

सर दाराकडे वळले. "माय, उद्यापासून तुमीच शिकवाले येजा!"

चाचणीत वैशाली जिंकली! आता गावभर सांगतात, की तिने एकाच ठोशात समोरचीला आडवे केले. हे साफ चूक. ती मुलगी तिन्ही राउंड ताठ उभी होती आणि उत्तम लढली. वैशाली गुणांवर जिंकली. आडवी झाली ती वैशालीची आई. रेफरीने वैशालीचा हात उंचावताच सर, गणपतराव आणि मी बाकावरून एकदम उठलो, आणि टोकाला एकट्या उरलेल्या तिच्यासकट बाक उलटला. आम्ही धावलो.

ती पडल्यापडल्याच ओरडली, "मले काऊन उचलता? पोरीचा हात वरच हाय ना, थे पाहा!"