होडी नाय, टब हाय

कीर्तीला मी कॉलेजपासून ओळखते. मराठीच्या वर्गात ती माझ्या शेजारी बसायची. दुसऱ्या वर्षी तिचे वडील गेले आणि तिने कॉलेज सोडलं. मी एम.ए.पर्यंत शिकत राहिले. ती पनवेलच्या मच्छी बाजारात आई चंद्रावतीच्या शेजारी बसू लागली.

तिच्या वडिलांचं नाव विठू. त्यांना मुलगा नव्हता. ते कीर्तीलाच लहानपणापासून होडीवर न्यायचे. कोळीवाड्यात बायका मासळी विकतात, होडीवर जात नाहीत. बाईचा पाय होडीला सोसत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. विठूकाका त्यावर हसायचे. मग काविळीने ते पंधरवड्यात गेले.

दहाव्याला भावकी जमली होती. विठूकाकांचे धाकटे भाऊ तुळशीराम उठून उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरीचा पाय होडीला लागला, म्हनून माझा भाऊ गेला."

त्यांनी कीर्तीच्या ओंजळीत खाडीचं पाणी ओतलं आणि एकवीरा आईची शपथ घ्यायला लावली. यापुढे होडीवर पाय ठेवणार नाही. तिने शपथ घेतली. त्याच आठवड्यात काकांनी होडी नेली. होडीबरोबर उघाडीची जागाही गेली. उघाडी म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधातून पाणी सोडायचं दार. त्याच्या तोंडाशी डोह आहे आणि त्या डोहात जिताडा मिळतो, खाडीतला सगळ्यात महागडा मासा. त्या एका जागेवर विठूकाकांचं घर चाललं होतं.

मला वाटलं होतं, काळ जाईल तशी ती विसरेल. एकदा विचारलं, तुला होडी परत हवी आहे का?

"होडी नको," ती म्हणाली. "काकाला खाडीतून उठवायचाय."

सुकापूरच्या एका सोसायटीत ती घरपोच मासळी द्यायची. तिथल्या एका इंजिनिअरने हौसेने कयाक घेतली होती. एकट्याने बसून वल्हवायची, प्लॅस्टिकची, पिवळीधमक. दोनदा नदीत घातली आणि हौस संपली. ती पार्किंगमध्ये पडून होती आणि सोसायटीचे लोक कटकट करत होते. कीर्तीने मागितली, त्याने सुटकेने देऊन टाकली. २०१३ची दिवाळी नुकतीच झाली होती.

टेम्पोतून कयाक कोळीवाड्यात आली. घरामागे जागा होती, सावलीही होती. कीर्तीने ती तिथे ठेवली नाही. भर बंदरावर, काकांची होडी लागते तिथेच, उन्हात मांडली. आणि सामान लावायला बसली.

मी रोज जायचे. तिने प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचे तुकडे आणले आणि बैठकीच्या मागे तिरके बसवले. त्यात गळाच्या काठ्या उभ्या राहत. पाठीमागे भाजीवाल्यांकडे असतो तसा प्लॅस्टिकचा क्रेट, मोटरसायकलच्या कॅरिअरला लावतात त्या रबरी हुकांनी आवळलेला. क्रेट गुलाबी. मासे ठेवायला थर्माकोलचा डबा. मुलांच्या खेळायच्या रंगीत फोमच्या चटया कापून बैठकीवर चिकटवल्या. खोटे मासे, म्हणजे गळाला लावायचे प्लॅस्टिकचे, तिने मसाल्याच्या गोल डब्यात ठेवले. प्रत्येक वाटीत एक जात. डबा मांड्यांच्या मधे बांधला.

सामान बसवून झालं की ती कयाकवर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसायची. पाय बाहेर, जमिनीवर. डोळे मिटायची आणि हात पुढे करायची. सुरी. आकडी. वल्हं. हात न चाचपता वस्तूवर पडला तर ती वस्तू तिथेच राहायची. खांदा वळवावा लागला तर जागा बदलायची. मासा ओढताना मागे वळलं की माणूस पाण्यात जातो, असं तिने मला सांगितलं. नांगराची दोरी तिने तीन जागी लावून पाहिली. शेवटी कडेने टोकापासून टोकापर्यंत दोरी फिरवली आणि तिच्यात नांगराची कडी अडकवली. बसल्या जागी दोरी ओढली की नांगर पुढे जायचा, मागे यायचा. वल्ह्यापासून सुरीपर्यंत प्रत्येक वस्तूला दोरी. न बांधलेली वस्तू खाडीची, आपली नाही.

बंदरावर करमणूक झाली होती.

"कीर्ते, साबन घेतलास काय?"

"टावेल इसरू नको गो."

ती मान वर करायची नाही. मला लाज वाटायची. मी म्हटलं, निदान हे घरामागे तरी कर. आणि तो गुलाबी क्रेट काढ, बाजारात काळे मिळतात.

"काळा लावला तर ती होडीसारखी दिसंल," ती म्हणाली.

मला काही कळलं नाही.

तुळशीरामकाका आधी लांबूनच बघायचे. एक दिवस त्यांची होडी लागली, खलाशी उतरले, आणि ते हातात चहाचा ग्लास घेऊन आले. बरीच माणसं जमली होती. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष विनायकशेठही होते. काकांनी पायाच्या अंगठ्याने क्रेट हलवून पाहिला.

"काय गो, शपथ इसरलीस? होडी करतंस?"

कीर्ती म्हणाली, "होडी हाय का ही, काका?"

काका हसले. त्यांना चार माणसांत बोलून टाळी घ्यायची सवय होती. "ही होडी? आरं टब हाय टब. पोरांना आंघोल घालायचा. याला होडी बोललं तर एकवीरा आई पन हसंल."

"नीट बोला. होडी नाय ना?"

"नाय म्हंजे नाय."

"विनायकशेठ, ऐकलात?"

"ऐकला, ऐकला," विनायकशेठ डोळे पुसत म्हणाले. सगळे हसत होते.

कीर्तीने उजवा पाय उचलून कयाकमध्ये ठेवला. मग डावा. टाचा खोबणीत नीट बसवल्या आणि काकांकडे वर बघितलं.

लोकांचं हसणं चालूच होतं. फक्त काका थांबले.

दुसऱ्या दिवसापासून ती खाडीत जाऊ लागली. ओहोटीला जायची. ओहोटीला उघाडीपाशी गुडघाभरही पाणी उरत नाही, मोठ्या होड्या गाळात बसतात. काकांना भरतीची वाट बघावी लागे. कयाक घोटाभर पाण्यातून घसरत जाई. डोहात अडकलेला जिताडा तिथेच असे. ती नांगर मागे सरकवी, डब्यातली वाटी बोटाने निवडी आणि गळ टाकी. भरतीबरोबर काका जाळं घेऊन पोचत, तेव्हा ती परत निघालेली असे. त्यांच्या होडीच्या अगदी जवळून जाई. माशांच्या डब्याचं झाकण उघडं ठेवून.

जाळ्यातला मासा खरचटतो, मरून येतो. हिचा जिवंत, खवलंही न हललेला. काकांचा जिताडा घेणारे हॉटेलवाले आणि आपटा गावाकडचे फार्महाऊसवाले तिच्याकडे वळले. ती सकाळीच त्यांच्या दारात उभी असे.

मी विचारलं, खाडीत दुसऱ्या जागा नाहीत का?

"हायत की. बऱ्या हायत."

"मग?"

ती सुरी पुसत राहिली.

काकांनी तक्रार केली. मच्छीमार सोसायटीची बैठक बसली. होडीची नोंद नसताना ही धंदा करते, असं त्यांचं म्हणणं होतं. विनायकशेठनी मान खाजवली आणि विचारलं, तुळशीराम, तूच बोललास ना ती होडी नाय? बैठकीत पुन्हा हशा झाला. या वेळी तो काकांवर होता.

मग काकू, तुळशीरामकाकांची बायको, चंद्रावतीकडे आल्या. दारातच बसल्या, आत आल्या नाहीत. म्हणाल्या, मुलगे मोठ्या बंदरात नोकरीला लागलेत, होडीवर येत नाहीत. खलाशांना द्यायला उरत नाही. पोरीला सांग, दुसरीकडे गळ टाक. हवं तर होडीत अर्धा वाटा घे. चंद्रावतीने रात्रीच्या जेवणाला विषय काढला. मी तिथेच होते.

"तो तुझ्या बापाचा भाऊ हाय," चंद्रावती म्हणाली.

"बोलला तवा पन बापाचा भाऊच व्हता."

"मानूस दुखात बोलतो."

"मग होडी पन दुखातच नेली?"

चंद्रावतीने ताट सरकवलं. कीर्ती शेवटपर्यंत जेवली. काटे ताटाच्या कडेला ओळीने लावले.

तिसऱ्या वर्षी काकांनी होडी उरणच्या माणसाला विकली. न्यायला माणसं आली तेव्हा मी मुद्दाम बंदरावर गेले. होडी विठूकाकांच्या हातची होती. नाळेवर, पुढच्या टोकाला, रंगवलेलं नाव त्यांचं होतं. मला वाटलं, कीर्ती आता तरी रडेल. निदान हात तरी लावेल. तिने होडी खाडीच्या वळणाआड जाईपर्यंत पाहिली. मग मला विचारलं, "काका कुठंय?" ते आले नव्हते. तिला त्याचंच वाईट वाटलं.

मी त्यानंतर काही महिने तिच्याकडे गेले नाही.

शिमग्याच्या आधी बाजारात गेले, तेव्हा ती नेहमीच्या जागी होती. चंद्रावती शेजारी कोळंबी निवडत होती. आम्ही बोलत होतो आणि समोर तुळशीरामकाका आले. हातात कापडी पिशवी. ते आधी दुसऱ्या ओळीत फिरले होते, मी पाहिलं होतं. त्यांचा नवा जावई पहिल्यांदा घरी यायचा होता. जावयाच्या ताटात जिताडा नसेल तर आमच्याकडे नाक कापलं जातं. आणि जिताडा बाजारभर एकाच पाटीत होता.

चंद्रावतीने मान खाली घातली.

कीर्ती म्हणाली, "या शेठ. काय देऊ?"

अनोळखी गिऱ्हाइकाला बोलवायचा तो आवाज. चढा, गोड. काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी बोटाने मासा दाखवला. तिने तोलला, भाव सांगितला. त्यांनी घासाघीस केली नाही.

"कापून देऊ, का घरी जमंल?"

"कापून दे," ते म्हणाले.

तिने कोयत्यावर मासा धरला. खवलं काढली, तुकडे केले, सगळे एका जाडीचे. डोकं वेगळं काढून हातात धरलं. जिताड्याचं डोकं म्हणजे कोळ्याच्या घरात सगळ्यात मोठ्या माणसाचा वाटा. ते टाकायला सांगतात ती फ्लॅटमधली माणसं.

"शेठ, डोका ठेवू का टाकू?"

काकांचा हात पिशवीसकट पुढे आला होता. तो तसाच राहिला.

"ठेव," ते म्हणाले.

तिने डोकं पिशवीत घातलं, वर तुकडे घातले, सुट्टे पैसे परत दिले. चंद्रावती उठून नळाकडे गेली. तिथे बराच वेळ हात धूत राहिली.

काका गर्दीतून वाट काढत निघाले होते. कीर्तीने पाटीवर पाणी शिंपडलं.

"या ताई," ती माझ्या मागच्या बाईला म्हणाली. आवाज तोच होता.