शेवटच्या ओळीतलं नाव

सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभं राहून सावळीरामच्या पोटऱ्या सुजलेल्या असायच्या. पण वस्तीतल्या भीमजयंतीला नवीन गाणं त्याचंच लागायचं. दुष्काळाच्या साली त्यानं विहिरीचं गाणं रचलं:

विहीर खणली बापानं, दोर दुसऱ्याच्या हाती,
सावळीराम सांगे, लेकी, घे तुझी घागर हाती.

हे गाणं त्याच्या गायन पार्टीनं गावोगाव गायलं. त्याच्यामागे कोरस धरणारा सोमा पुढं स्वतःची पार्टी घेऊन वेगळा झाला.

चौऱ्याऐंशी साली पहिली पाळी संपवून सावळीराम स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पीत होता. टेपवर त्याचंच गाणं लागलं. तो सावरून बसला. शेवटची ओळ आली, 'सोमनाथ सांगे, लेकी...' कपातला चहा तसाच राहिला.

तो सोमाच्या घरी गेला. सोमानं पाया पडून पाट दिला. म्हणाला, "दादा, गाणं समाजाचं आहे, असं तुम्हीच म्हणायचात ना?"

"समाजाचं आहे रे. मग तुझं नाव कशाला घातलंस?"

सोमा चहा सांगायला आत गेला.

त्या वर्षी जयंतीला सावळीरामनं स्वतःच ते गाणं म्हटलं. स्वतःचं नाव येताच पुढची पोरं हसली. "बाबा, चुकलं! सोमनाथ म्हणा!" तो खाली उतरला तो थेट घरी आला. सगळं ऐकून बायको नवसाबाई म्हणाली, "आता गप बसलात तर मी भांडेन."

तो पगारे वकिलांकडं गेला. त्यांनी नीट समजावलं. "विहिरीची कल्पना कुणाच्या मालकीची नसते. चाल तर जुनीच आहे. पण शब्द तुमचे. ते लिहिलेत तेव्हापासून कायद्यानं हक्क तुमचा."

"पण मी नोंदणी कुठं केलीय?"

"लागत नाही. मात्र आधी तुम्हीच लिहिलंत, हे दाखवावं लागेल. साक्षीदार आहे?"

जुन्या पार्टीतला साक्षीदार एकच उरला होता, ढोलकीवाला बहिरू. रजा टाकून सावळीराम सिन्नरला गेला. बहिरू आता सोमाच्या पार्टीत वाजवत होता. तो म्हणाला, "दादा, इचारलं तर मी खोटं बोलणार नाय. पण कोर्टात हुबं केलं, तर माझी चूल इझंल."

सावळीराम परतीच्या एसटीत डोळे मिटून बसला. त्यानं बहिरूचं नाव वकिलांना दिलंच नाही.

दावा दाखल झाला. तारखा पडत गेल्या. कधी समोरचा वकील नसे, कधी जज्जसाहेब रजेवर. प्रत्येक तारखेला एक खाडा. शेवटी सोमाच कंटाळला आणि तडजोडीला आला: नव्या कॅसेटवर गीतकार म्हणून सावळीरामचं नाव छापायचं, शेवटची ओळ मूळची गायची. सावळीरामनं सही केली.

कॅसेट आली. ओळ बरोबर गायली होती. वेष्टणावर मात्र छापलं होतं, 'गीत : सावळाराम'.

"परत नोटीस देऊ," वकील म्हणाले.

"राहू द्या साहेब."

घरी नवसाबाईनं वेष्टण उलटसुलट करून पाहिलं. "हा कोण सावळाराम?"

"असेल कुणीतरी," तो म्हणाला आणि बूट काढून भिंतीला टेकला. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती.