डाव्या दाराची टकटक

माणिकअण्णा गेल्याचं मला मुडबीच्या शाळेच्या फाटकाशी कळलं. मी तिथं शिकवते, राहायला बसवकल्याणला. रोजचं जाणं-येणं बसनं. त्या दिवशी मी उतरत असताना कंडक्टर म्हणाला, "बाई, ते मोटारीचे शीट शिवणारे अण्णा तुमच्या वळखीचे न्हवं? सकाळी गेले म्हणं." बस निघून गेली, धूळ खाली बसली, तरी मी तिथंच उभी होते... मनात एकच येत होतं, की आमच्या गाडीची गोष्ट जाणणारी आता मी एकटीच उरले. तेही खरं नव्हतं. पण ते मला पंधरा दिवसांनी कळायचं होतं.

अण्णांचा जन्म हळ्ळीखेडचा. वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा ते सहा-सात वर्षांचे असतील. त्याआधीच्या दिवसांबद्दल ते बोलत नसत. एकदाच, कशावरून तरी विहिरीचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "हिरीपशी घागर घेऊन हुबं राहायचं, ताई. कुणीतरी येईल, वरून वतंल, मग प्यायचं. तहान लागली म्हणून वरडायची सोय नव्हती." तेवढं बोलून पुन्हा सुईत दोरा ओवायला लागले. तरुणपणी ते हैदराबादला गेले, तिथल्या एका कारखान्यात मोटारींच्या गाद्या शिवायला शिकले, आणि परत येऊन बसवकल्याणच्या बसस्टँडमागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी काम मांडलं. पोट गाद्यांवर चालायचं, पण नाव झालं ते आवाजामुळे. जुनी मोटार झाली की आतून वाजायला लागते. दाराच्या आतल्या बाजूचा रेक्झिन लावलेला पुठ्ठा सैल होतो, क्लिपा झिजतात, काच तिच्या खाचेत थडथडते. मिस्त्री लोक इंजिन दुरुस्त करत आणि या कुरकुरीसाठी माणसाला अण्णांकडे पाठवत. अण्णा मालकाला गाडी चालवायला लावायचे, स्वतः आत बसून डोळे मिटायचे, आणि तळहात एकेका जागी दाबत जायचे. ज्या जागी दाबल्यावर आवाज थांबेल, तिथं खूण. मग शेडमध्ये आणून पुठ्ठा उतरवायचा, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचा तुकडा किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी आतून बसवायची, काचेच्या खाचेत साबण फिरवायचा. दाराच्या पोकळीत जे सापडेल, केसातला आकडा, पेन्सिलीचं टोक, जोंधळ्याचे दाणे, ते टवका उडालेल्या बशीत घालून मालकापुढं ठेवायचे. न सापडलेलं सापडलं म्हणून कधी सांगायचे नाहीत. "गाडी खोटं बोलत न्हाई," म्हणायचे, "मग मी कामून बोलू?"

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू, बसवकल्याणला वकिली करायचे. हैदराबादहून त्यांनी एक जुनी काळी मोटार आणली होती. मी कलबुर्गीला शिकायला होते तेव्हा आईच्या पोटात एका सकाळी भयंकर दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी तपासलं, ताबडतोब सोलापूरला न्या म्हणाले. ऑपरेशन लागेल, तोवर पाण्याचा थेंबही देऊ नका, असंही बजावलं. पेरणीचे दिवस, शेजारी सगळे रानात गेलेले. अप्पांनी आईला मागच्या गादीवर डाव्या बाजूला दाराला टेकवून बसवलं आणि एकटेच निघाले. सोलापूर यायच्या आत ती गेली. मला तार मिळाली ती दुसऱ्या दिवशी.

दोन-तीन महिन्यांनी अप्पा सांगायला लागले, गाडी वाजतेय. मागच्या डाव्या दारातून. टक, टक, टक... तीनदा, मग थोडं थांबून पुन्हा. मी शेजारी बसून गेले, मला काही ऐकू आलं नाही. अप्पा चालवता चालवता एकदम गाडी थांबवायचे आणि मान वळवून मागं बघत राहायचे. एकदा उमरग्याच्या रस्त्यावर ते असेच भर वाटेत थांबले आणि मागून आलेला ट्रक आरसा घासून गेला. घरी येऊन मी त्यांना म्हटलं, "अप्पा, गाडी विकू या." ते म्हणाले, "न्हाई. आवाज काढून घिऊ."

अण्णांनी ती गाडी आठवडाभर ठेवून घेतली. पाच वेळा अप्पांबरोबर गेले, आईच्या जागेवर बसून, दाराला कान लावून. अप्पा म्हणायचे, "आला बघ! आता आला!" अण्णा तळहात एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत राहायचे. त्यांनी दार पार सोलून काढलं, सगळ्या क्लिपा नव्या घातल्या, पोकळीभर नमदा चिकटवला. अप्पांना आवाज येतच राहिला. जेवण तुटलं, कोर्टात उभं राहिलं की बोलता बोलता गप्प व्हायचे.

आठव्या दिवशी अण्णांनी आम्हाला बोलावलं. बशीत एक गंजका स्क्रू होता. "वकीलसाब, ह्यो बघा. पार तळाला, पत्र्याच्या घडीत बसलावता. गाडी हलली की वाजायचा."

अप्पांनी तो बोटांत धरला. बराच वेळ बघितला. "म्हणजे ती नव्हती," ते म्हणाले, आणि तिथंच, कातड्याच्या तुकड्यांवर, मटकन खाली बसून रडले. आई गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघत होते. मग त्यांनी सांगितलं, जे मलाही ठाऊक नव्हतं. उमरगा मागं पडल्यावर आई पाणी मागायला लागली. वाटेत एक विहीर दिसली, मोट चालू होती. डॉक्टरांचं ऐकून अप्पांनी गाडी थांबवली नाही. तिला बोलवेना, तेव्हा ती बोटांनी दार वाजवायला लागली. तीनदा, मग थोडं थांबून पुन्हा. अप्पा पुढं बघून चालवत राहिले. मग आवाज बंद झाला. त्यांना वाटलं, झोप लागली.

अण्णांनी उठून माठातलं पाणी आणलं आणि तांब्या अप्पांच्या हातात दिला.

त्यानंतर अप्पा सुधारले. आवाज खरंच थांबला होता. जेवायला लागले, केसेस घ्यायला लागले. मला वाटलं, सुटलो. पण त्या वर्षीच्या दिवाळीनंतर एका रविवारी ते मला घेऊन अण्णांच्या शेडवर गेले, दारातच उभे राहिले, शब्द जुळवत. शेवटी म्हणाले, "माणिक, तो आवाज परत घालता येतो का?"

अण्णांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"गाडीत लई सामसूम वाटायलीय रे," अप्पा म्हणाले. "आधी ती मागं हाय असं तरी वाटायचं. थांबायचं न्हाई मी, वचन देतो. नुसता असू दे."

मी म्हटलं, अण्णा, नको. पण अण्णांनी पुठ्ठा उतरवायला घेतलाही होता. त्या दुपारी त्या दोघांनी जे केलं, ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. अप्पा चालकाच्या जागेवर डोळे मिटून बसलेले. अण्णा दाराच्या पोकळीत दोऱ्याला काहीतरी बांधून दार हलवायचे, आणि विचारायचे, "आसा?" आधी चिंचोका बांधला. "न्हाई, हे बारीक येयलंय." मग लाकडी गुंडी. "न्हाई. तिचा हात एवढा जड नव्हता." मग अण्णांनी कपाटातून एक सुपारी काढली, तिच्यावर रेशमी कापडाचा एक पदर गुंडाळला, दोरा वीतभर ठेवला. दार हलवलं. टक, टक, टक...

"आसा," अप्पा म्हणाले. इतक्या हळू, की मला ओठांवरूनच कळलं.

मग ती गाडी खरोखरच वाजायला लागली. मलाही ऐकू यायचं. अप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले, वचन पाळलं, वाटेत कधी थांबले नाहीत. त्या आवाजाशी ते हळू आवाजात बोलत असावेत, असा मला संशय आहे. मी शेजारी बसले की ओठ मिटून घ्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात अप्पा गेले. गाडी विकायचं ठरवून मी ती अण्णांकडे नेली. म्हटलं, सुपारी काढून टाका, नवा माणूस घाबरेल. अण्णा थकले होते, धाप लागत होती. दारावर हात ठेवून म्हणाले, "ताई, एक खोटं बोललो मी वकीलसाबास्नी. त्यो स्क्रू माझ्याच डब्यातला. दारात कायबी सापडलं नव्हतं." जन्मभरात सांगितलेलं एकच खोटं, आणि ते त्यांच्या छातीवर इतकी वर्षं बसलं होतं. मी म्हटलं, अण्णा, त्या खोट्यानं माझे वडील जगले. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला कळलं नाही. त्या दिवशी त्यांच्यानं क्लिपा निघेनात. पुढच्या आठवड्यात या म्हणाले. ती आमची शेवटची भेट.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले, गाडी घेऊनच गेले. त्यांच्या पत्नी शांताअक्का खाटेच्या कडेला बसल्या होत्या. मी त्यांना स्क्रूची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, त्यांना माहीत नसेल.

"ठाव हाय," अक्का म्हणाल्या. "पण त्येनी तुमाला अर्धंच सांगितलं."

त्या म्हणाल्या, स्क्रू दाखवायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, अण्णा शेडमध्ये आमच्या गाडीत आईच्या जागेवर एकटे बसले होते. इंजिन बंद, काचा वर, पुठ्ठा बसवलेला. दारात काही उरलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच्या हातानं चाचपलं होतं. आणि कोपराशेजारी दार वाजलं. तीनदा.

"घरी आले तवा हात गार पडलेवते," अक्का म्हणाल्या. "म्हणले, वकीलसाबाला खरं सांगितलं तर त्यो माणूस वाचत न्हाई. मी इचारलं, मग तुमी काय केलाव? तर म्हणले, काय करणार? मी दार उघडलो, अन् बाजूला सरून हुबा राहिलो."

अक्का पुढं म्हणाल्या, की तेव्हापासून कुणाचीही गाडी असो, काम झालं की अण्णा मालकाला द्यायच्या आधी मागचं डावं दार उघडायचे, पाण्याचा तांब्या खाली ठेवायचे आणि थोडा वेळ बाजूला उभे राहायचे. लोकांना वाटायचं, रेक्झिनचा वास जावा म्हणून उघडं ठेवतात.

निघाले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी चालकाच्या जागेवर बसले. अक्का मला पोचवायला बाहेर आल्या होत्या, त्या गाडीला वळसा घालून पलीकडं गेल्या. मागचं डावं दार उघडल्याचा आवाज आला. मी आरशात बघितलं. डोक्यावरचा पदर सावरून अक्का दारापासून दोन पावलं मागं सरून उभ्या होत्या, हातात तांब्या. कुणी म्हातारं माणूस उतरताना आपण उभं राहतो, तशा. मी इंजिन चालू केलं नाही. मलाही घाई नव्हती.

मग त्यांनी दार अलगद लावलं, आणि खिडकीशी वाकून म्हणाल्या, "आता जावा."