पाचवीच्या पाट्यापुढचा कागद

देवाचे अनुभव वाचले की मला राग यायचा. माणूस बरा झाला की श्रेय देवाला आणि दगावला की शिव्या डॉक्टरला, हा कुठला न्याय? आज मीच तसला अनुभव लिहायला बसले आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, मी हरले, आणि हरल्याचं मला बरं वाटतंय.

मी ग्वाल्हेरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दर रविवारी आम्ही मैत्रिणी किला गेटपाशी पत्रकं वाटतो. जन्मल्याबरोबर अंगावरचं दूध द्या, मध चाटवू नका, घुट्टी नको, बाटली तर नकोच. पत्रक मीच लिहिलंय. एखादी सासूबाई "हमने भी तो पाले हैं" म्हणाली की मी रस्त्यातच भांडते.

ताई बाळंतपणाला आमच्याकडे आली. मुलगी झाली, साडेतीन आठवडे आधीच, पण रडली खणखणीत. तिसऱ्या दिवशी घरी आणली आणि मी पहारा बसवला. मधाची बाटली लपवली. आईनं दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, त्यावरूनही बोलले, "जंतूंना तो दिसतो का?"

"तुझं पत्रक तरी वाचता येतं का त्यांना?" आई म्हणाली.

चौथ्या दिवशी तीच आई जवळ येऊन हळूच म्हणाली, "अगं, हे पोर तर सोतंच आहे. दोन घोट घेतले की डोळे बंद." ताई म्हणाली, छाती भरून दुखतेय, ती ओढतच नाही. मी म्हटलं, "नवजात बाळ झोपतंच. पोट केवढंसं असतं त्याचं! लावत राहा." खरं सांगू? त्यांचं बोलणं माझ्या कानात शिरतच नव्हतं. प्रत्येक तक्रार मला बाटलीची वकिली वाटत होती. आता ही म्हणेल दूध पुरत नाही, मग म्हणेल पावडरचा डबा आणा. वर्गात आम्हांला पहिलं हेच शिकवतात की बाळाचे कपडे काढा, उजेडात न्या, श्वास बघा, रंग बघा, ओले लंगोट मोजा. आणि दिवस न भरलेलं बाळ भुकेनं रडेल म्हणून वाट बघू नका, उठवून पाजा. परीक्षेत यावर मला पैकीच्या पैकी मिळाले होते. घरात मात्र मी बाळाकडे पाहिलंच नाही. बाळाभोवतीच्या माणसांवर नजर ठेवून होते.

पाचव्या दिवशी पाचवीची पूजा. दुपारीच आईनं पाटा-वरवंटा धुऊन मांडला. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून पुढ्यात कोरा कागद आणि पेन ठेवतात. कोरा कागद मिळेना. मी माझं पत्रक उलटं करून दिलं. "पाठ कोरी आहे. लिहून झालं की सटवाईला म्हणावं, उलटून पुढचंही वाच." आईनं डोळे वटारले, पण तेच ठेवलं.

तेवढ्यात दार वाजलं. पन्नाशीची एक बाई, पिशवीत तेलाची बाटली. गल्लीतल्या दुसऱ्या घरी तिला बाळाच्या मालिशला बोलावलं होतं. घर सापडेना, डहाळा दिसला म्हणून इथं आली. मी "ते घर पुढे" म्हणून दार लावणारच होते. आई म्हणाली, "पाचवीला दारी आलेली बाई परत पाठवू नये," आणि तिला आत घेतलं.

बाईनं बाळाकडे बघितलं. "कब से सो रही है?"

"बहुत सीधी बच्ची है," ताई हसून म्हणाली.

"सीधी नईं है बेटा. जे तो थक गई है."

तिनं हात धुतले, बाळ खिडकीपाशी नेलं, कपडे काढले. तळव्याला टिचकी मारली. बाळानं तोंड वाकडं केलं, पण रडलं नाही. तोंडात बोट दिलं. दोनदा चोखलं, सोडून दिलं. कपाळ, छाती, मांडी अंगठ्यानं दाबून पाहिली. पिवळेपणा मांडीपर्यंत उतरला होता. "सुबै से पेशाब कित्ती बार करी?"

मी, पत्रकवाली, मला ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, "एकदाच. विटकरी डाग होता." तो लंगोट आई सकाळी मला दाखवायला घेऊन आली होती. मी मोबाईलमधून मान वर केली नव्हती.

बाईनं पाट्यापुढचा कागद उचलला, पेन उचललं. आई "अहो..." म्हणाली आणि थांबली. वाकड्या अक्षरात तिनं वेळ लिहिली, लघवी एकदा, डागाचा रंग, चोखत नाही, पिवळेपणा कुठवर. "जे डाक्टर को देइयो. अब्भी निकलो." मुरारला एका दवाखान्यात नवजात बाळांच्या खोलीत ती कित्येक वर्षं आया होती म्हणे. ऑटो येईपर्यंत तिनं ताईला स्वच्छ वाटीत हातानं दूध काढायला शिकवलं, बाळाला जागं केलं आणि चमच्यानं ओठाशी थेंब थेंब दिलं. बाळानं ते गिळलं. वाटी-चमच्याची ओळ माझ्या पत्रकात आहे. चौथी. मीच लिहिलेली. ऑटोत ताईनं बाळाला पदराखाली उघडंच छातीशी धरलं होतं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडून बसले.

डॉक्टरांनी आधी कागद वाचला, मग उलटला. "हे पत्रक कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं. त्यांनी कागद पुन्हा उलटला आणि बाळ तपासायला घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

रक्तातली साखर उतरली होती, वजन घटलं होतं, कावीळ वाढली होती. वेळेवर आणलंत, म्हणाले. दोन दिवस निळ्या दिव्याखाली, वाटीतून ताईचंच दूध. तिसऱ्या सकाळी ती भुकेनं अशी कडाडली की शेजारची दोन बाळं उठली. ताई रडली, आई हसली. माझ्या छातीवरचा पाटा-वरवंटा कुणीतरी उचलून नेला.

ऑटोत बसायच्या घाईत बाईचं नाव विचारायचं राहिलं. पुढच्या घरी चौकशी केली, तर ती तिथं पोचलीच नव्हती. वाट बघून त्यांनी दुसरी बाई लावली. असेल, उशीर झाला म्हणून परत गेली असेल. मी वाद घालत नाही.

पत्रकं अजून वाटते. मध अजूनही नकोच. पण कुणी आई म्हणाली की "बाळ पीत नाहीये", तर पत्रक खाली ठेवते आणि आधी बाळ बघते. त्या दिवसाचा कागद आईनं देवघरात ठेवलाय, लिहिलेली बाजू वर. सटवाई कुणाच्या हातानं लिहिते, मला माहीत नाही. मी तर तो चेष्टेनं दिला होता. तिनं चेष्टाही पदरात घेतली आणि लिहून गेली.