नळीत राहिलेला झेंडूचा देठ

रिचमंड हिलच्या मराठी मंडळींनो, आज जे झालं ते लिहितोय.

काल दसऱ्याला आमच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलची पूजा केली आणि हौसेने नळीच्या तोंडात झेंडू खोचला. आज सकाळी फूल काढलं. मग रायफलवर बसवलेल्या नव्या दुर्बिणीचा नेम जुळवायला लेक मीनलबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेलो.

गोळ्या भरण्याआधी तिने बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता भाग, मागे ओढून अडकवला आणि नळीतून पाहिलं. “बाबा, उजेड दिसत नाहीये.”

“नीट बघ गं.”

“बाबा, इट्स ब्लॉक्ड.”

सळई घातली, तर तुटलेला देठ बाहेर आला. तशीच झाडली असती तर नळी तिच्या तोंडासमोर फुटली असती.

“नेक्स्ट इयर फूल शेजारी ठेव हं,” एवढंच म्हणाली.

पूजेनंतर तुमच्याकडे हत्यार कोण तपासतं?