वादळ्याचं घोंगडं आणि आमचा बिरा

बिराला मी तोंडावर फितूर म्हणालो होतो.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिरा माझा शाळेतला मित्र. मी यवतचा, तो आमच्याच शिवारातल्या वस्तीवरचा. घरची मेंढरं. पुढे आयटीआय करून कुरकुंभला एका केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर झाला. मी सणसवाडीला एका कारखान्यात, क्वालिटीत.

दोघांना एकच वेड. वादळ्या.

यवतच्या स्टँडजवळच्या स्टेशनरीत वादळ्याचं कॉमिक यायचं. काळा मुखवटा, लाल केप, वाऱ्यावर बसून यायचा गडी. एक अंक घ्यायचा आणि दोघांनी वाचायचा. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, तरी सुटलं नाही. दौंड-शिरूरकडचे फॅन गोळा करून मी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. ॲडमिन मीच.

मध्ये कॉमिक बंद पडलं होतं. दीड वर्षापूर्वी नव्या टीमनं परत सुरू केलं.

पहिल्याच अंकात वादळ्याचं बालपण दाखवलं. तो मेंढपाळाच्या तळावर वाढलेला.

लाल केप गेली. खांद्यावर घोंगडं आलं.

ग्रुप पेटला.

"आपला हिरो बिघडवला राव."

"त्यो पाटलाच्या घरातला हाय, बारक्या पोराला पण माहितीये."

"कुणाच्या तरी प्रेशरखाली केलंय हे."

शिरूरच्या एकानं लिहिलं, "एवढी बारीक माहिती त्यांना कुठनं मिळती? आपल्यातलाच कुणीतरी पुरवतोय."

तिथं माझ्या डोक्यात किडा शिरला.

अंकात एक चित्र होतं. तळ हलतोय. घोड्यावर भांडी, कोंबड्या, दोन कोकरं. आणि सगळ्यात वर एक लहान पोर, पडू नये म्हणून धोतराच्या पट्टीनं बांधलेलं.

हे मला बिरानं सांगितलं होतं. आठवीत असताना. स्वतःबद्दल.

आणि बिरा ग्रुपवर चकार शब्द बोलत नव्हता. सगळं वाचायचा. ब्लू टिक पडायची. बस्स.

सुट्टी बघून मी त्याला कुरकुंभ फाट्यावर गाठलं. फर्स्ट शिफ्ट सुटली होती. चहा सांगितला. त्यानं डब्याच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला अंक काढला आणि नेमकं तेच पान उघडलं.

"सुहास, हे बघ. आमचं घोडं!"

एवढा हसत होता.

मला ते हसणं चोराचं वाटलं.

"बिरा, ह्या लोकांना तू काही लिहून पाठवलंस का?"

त्याचं हसू गेलं. "आन् पाठवलं असलं तर?"

"म्हणजे पाठवलंस."

"असलं तर, म्हणतोय मी. काय बिघडलं? त्यो पाटलाचा हाय, असं कुठल्या अंकात लिवलंय? दाव मला."

"सगळ्यांना माहितीये ते."

"मला न्हाई माहिती." मग म्हणाला, "शाळंत खेळताना मला एकदा तरी वादळ्या होऊ दिलं का रं? सारखा आपला मीच राक्षस."

"विषय बदलू नको. फितूर आहेस तू."

त्यानं अंक परत प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळला, गाडीला किक मारली आणि गेला.

घरी येऊन मी जुने अंक काढले. सगळे. पाटील कुठंच नव्हता. एकाही अंकात नाही. ते आमचं आम्हीच धरून चाललो होतो.

तरीही त्याच संध्याकाळी मी बिराला ग्रुपमधून काढलं.

पर्सनलवर त्याचा एकच मेसेज आला.

"बरं."

पुढचे पाच महिने बोललो नाही. रस्त्यात दिसला की मी मोबाइलमध्ये बघायचो.

मग एका सकाळी तो शिफ्टवरून घरी आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखान्यात न्यायच्या आत संपला. चाळिशीसुद्धा गाठली नाही.

ज्या ग्रुपमधून त्याला काढलं, त्याच ग्रुपवर त्याच्या फोटोखाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली.

पहिला मीच.

दहाव्यानंतर त्याच्या घरी गेलो. लाज वाटते सांगायला, पण तिथंही मला तेच खणून काढायचं होतं.

"वहिनी, बिरानं त्या कॉमिकवाल्यांना कधी पत्र लिहिलं होतं का हो?"

"पत्र? भावजी, रजेचा अर्ज लिवायचा तरी ते तुम्हालाच फोन लावायचे की."

बिराचे वडील, आबा, ओट्यावर बसले होते. त्यांना लिहिता-वाचता येत नाही.

"ते पुस्तक व्हय? वाचून दावलं मला त्यानं. चार येळा. म्हणला, आबा, ह्यो आपल्यातला हाय."

मी विचारलंच. "मग आबा, घोड्यावर पोर बांधतात हे त्या लोकांना कसं कळलं?"



"आरं, पोर तर समद्याच तळावर बांधत्यात. न्हाई तर पडंल की! दरसाल तुमच्या रानात मेंढरं बसवायचो आमी, खतासाठी. तुझा बाप सोता सांगावा धाडायचा. घोडं तुमच्याच बांधावरनं यायचं. तू कवा बघितलं न्हाई व्हय?"



बघितलं असणारच. दरवर्षी. आमच्या विहिरीवर त्या पोरांना पाणी पाजलं असेल. माझ्या ते डोळ्यांत शिरलंच नाही. आणि हजार घरांत रोज घडणारी गोष्ट मी बिराच्या विरोधातला पुरावा म्हणून धरून बसलो.

काल हे सगळं ग्रुपवर लिहिलं.

तिघं लेफ्ट झाले.

शिरूरच्या त्याच माणसानं विचारलं, "ॲडमिन, खरं सांगा. हे तुम्हाला कुणी लिहायला लावलं?"

बराच वेळ टाइप करत होतो. पुसत होतो. काय लिहिणार? ज्याला संशयच घ्यायचाय त्याला काहीही सांगितलं तरी पुरावाच मिळतो.

ॲडमिनपद दुसऱ्याला दिलं आणि बाहेर पडलो.

बिरा, तू होतास तेव्हा पाच महिने हातात होते. एक फोन करायचा होता. मी केला नाही.

श्रद्धांजली लिहायचं तोंड मला नाही.

मान खाली घालून नमस्कार करतो, मित्रा. चुकलो.